डाव्या पायाचा फोटो

४ जानेवारी

प्रिय शिडी,

आज आठ वाजता कामावर गेलो. दोनपर्यंत एकतीस फोटो काढले. अकरा छातीचे, सात गुडघ्यांचे, बाकी किरकोळ. (तीस वर्षं झाली तरी मला एक्स-रे म्हणायची सवय लागली नाही. आमच्या विभागात सगळे फोटोच म्हणतात.) एका आजोबांच्या घोट्याचा फोटो होता, तर ते आधी खिशातून कंगवा काढून भांग पाडायला लागले. मी म्हटलं, घोट्याचा आहे. ते म्हणाले, "असू दे. फोटो तो फोटो." येताना ट्यूबलाइट आणली. खाली ताईच्या खोलीतली गेली होती. तिथे आता कोणी बसत नाही, पण दार उघडल्यावर अंधार दिसतो ते बरं वाटत नाही. ट्यूब बसवली, जेवलो आणि लिहायला बसलो.

उद्या ताईला जाऊन सहा आठवडे होतील. तू दहा दिवसांतच शिबिरात परत गेलीस. मी अडवलं नाही. तिथे मुली आहेत, चेंडू आहे, इथे नुसता मी. पण गेल्या गेल्या डावा पाय मोडून घेशील असं वाटलं नव्हतं. तुमच्या बाईंनी सगळ्यांचे फोन कपाटात कुलूप लावून ठेवलेत हे तू लिहिलंस ते वाचून आधी राग आला. मग वाटलं, बरंच आहे. फोनवर मला काही सुचत नाही. तू "हं" म्हणतेस, मी "हं" म्हणतो, आणि मग दोघंही हवेबद्दल बोलतो.

करंगळीच्या मागचं ते हाड हट्टी असतं. तिथे रक्त कमी पोचतं, म्हणून जुळायला वेळ लागतो. प्लास्टर १९ तारखेला काढतील म्हणतेस. काढल्यावर लगेच उड्या मारू नकोस. प्लास्टरच्या आत खाजलं तर पट्टी घालू नकोस. तू घालणारच, म्हणून लिहितोय.

तुझं ठरलं का, बाद फेरीपर्यंत उभी राहशील का? बाई काय म्हणतात ते कळव.

मामा


११ जानेवारी

मामा,

तुझं पत्र माझ्याआधी रेडिओने वाचलं. रेडिओ म्हणजे माझ्या खोलीतली मुलगी, सांगितलं होतं ना? तिला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पूर्ण वसतिगृहाला कळते. आता सगळ्या जणी एकमेकींना "फोटो तो फोटो" म्हणतायत. आजोबांना सांग, प्रसिद्ध झालात.

पट्टी घातली होती. लाकडी होती. अर्धी आत मोडली. बाईंना सांगितलेलं नाही.

आता नीट सांगते. साखळी सामने संपले. आम्ही चौथ्या आलो, म्हणजे बाद फेरीत पोचलो, अगदी शेपटाला धरून. बाद फेरी २२ फेब्रुवारीपासून. हरलं की घरी, दुसरी संधी नाही. बारा जणींची यादी त्याआधी, १८ तारखेला जाते. शिट्टीबाई म्हणतात, (आमच्या बाई. झोपेतसुद्धा त्यांच्या गळ्यात शिट्टी असते,) "मला पाय नको, मला कागद पाहिजे. हाड जुळलं असं कोणीतरी लिहून दे, मी यादीत घालते. नाही दिलं तर तू पाण्याच्या बाटल्या भर."

बाद फेरी बघायला दोन कंपन्यांच्या संघांची माणसं येतात. गेल्या वर्षी आमच्यातल्या दोघींना तिथूनच नोकरी लागली, आता त्या पगार घेऊन खेळतात. त्यांची वयाची अट पंचवीस. मामा, मी चोवीसची आहे. पुढच्या बाद फेरीला माझी पंचविशी उलटलेली असेल. म्हणजे ही एकच. आईलाही माहीत होतं हे. ती म्हणायची, "एकदा तुझी नोकरी लागू दे, मग मी सगळ्यांना सांगेन की उंचीचा उपयोग फक्त माळ्यावरचे डबे काढायला नसतो."

सध्या खुर्चीवर बसून चेंडू आपटते. दिवसाला हजार वेळा. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन भांडून गेल्या.

एक विचारायचं आहे. प्लास्टर काढल्यावर नवा फोटो काढतील. तो तुला पाठवू? इथले डॉक्टर सगळ्यांना "बघू" म्हणतात. तू बघितलास की माझी काळजी जाईल. आईचा तुझ्यावर केवढा भरवसा होता. ऑगस्टमध्ये तिच्या छातीचा पहिला फोटो तूच काढलास ना, त्या दिवशी ती मला फोनवर म्हणाली, "मामाने काढलाय. तो काही बोलला नाही म्हणजे काही नसणार. असतं तर त्याचं तोंड लगेच उतरतं, त्याला लपवता येत नाही." मी त्या दिवशी कशी निवांत झोपले होते.

शिडी


१७ जानेवारी

प्रिय शिडी,

पत्र मिळालं. प्लास्टरमध्ये मोडलेल्या पट्टीबद्दल बाईंना सांग. जखम झाली तर आत पिकेल.

या आठवड्यात मशीन दोन दिवस बंद होतं. लोक व्हरांड्यात बसून राहिले आणि मी त्यांना "आज नाही, उद्या या" म्हणत राहिलो. आमच्याकडच्या मावशी, ज्या रुग्णांना चाकांच्या खुर्चीत बसवून ढकलत आणतात, त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला हाडांशी बोलायची सवय, म्हणून माणसांशी बोलायला लागलं की घाम फुटतो." सगळे हसले. मीही हसलो.

फोटो बघण्याबद्दल. आमच्या कामात एक शिस्त असते. आम्ही फोटो काढतो, वाचत नाही. वाचणारे डॉक्टर वेगळे. माणूस कपडे घालता घालता विचारतो, "काय दिसतंय हो?" आणि आम्ही म्हणतो, "डॉक्टर सांगतील." पहिल्या आठवड्यातच हे शिकवतात. दिसत नसतं असं नाही. तीस वर्षांत एक लाखाच्या वर फोटो हाताखालून गेले, दिसतंच. पण सांगायचं नाही. चुकीचं सांगितलं तर घबराट, आणि बरोबर सांगितलं तरी तो आपला अधिकार नाही. ही शिस्त योग्यच आहे. मी ती कधी मोडलेली नाही.

तरी तू पाठव. मामा म्हणून बघेन.

ताईबद्दल लिहिलंस ते वाचलं.

मामा


३ फेब्रुवारी

मामा,

फोटो पाठवते आहे. काल काढला, इथल्या छोट्या दवाखान्यात. प्लास्टर १९ लाच निघालं. पाय आता दुखत नाही. अजिबात नाही.

संघाचे डॉक्टर कुठल्याशा परिषदेला गेलेत, २० तारखेनंतर येणार. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुझा मामा हेच काम करतो ना? तीस वर्षं? मग त्याच्याकडून लिहून आण. घरचा आहे, तो तुझं वाईट कशाला करेल?" तेव्हा तू बघ आणि चार ओळी लिही. बाई वाचणार आहेत, तेव्हा पट्टीचं लिहू नकोस.

बाकी ठीक. घाईत आहे.

शिडी


६ फेब्रुवारी

प्रिय शिडी,

फोटो मिळाला. दोनदा पाहिला. फोटो चांगला आहे. करंगळीच्या मागचं हाड अखंड आहे, कुठेही रेघ नाही. हे तू बाईंना दाखवू शकतेस.

इकडे हवा बरी आहे. इमारतीचा पाण्याचा पंप दुरुस्तीला गेलाय, त्यामुळे खालून बादल्या आणतो. व्यायाम होतो. शेजारच्यांनी त्यांच्या दाराला हिरवा रंग दिला, फारच हिरवा आहे. मावशींची सून बाळंत झाली, मुलगी झाली. आज कामावर बावीसच फोटो झाले.

जपून राहा.

मामा


१० फेब्रुवारी

मामा, मामा, मामा!

बाईंनी तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. "रेघ नाही" म्हटल्यावर रेडिओ किंचाळली. हिरव्या दारापर्यंत वाचत गेल्या, मग म्हणाल्या, "मामा बोलायला लागला की थांबत नाही वाटतं." मी म्हटलं, बाई, त्याच्या मानाने हे भाषण झालं.

यादीत माझं नाव सातवं आहे. अजून पाठवलेली नाही, १८ ला जाईल. कालपासून पळायला लागले. आधी सरळ, मग आडवं. उडी अजून मारलेली नाही. उडी मारायच्या आधी पाय जरा थांबतो. सवय गेली असेल.

मामा, एक विचारू? तू नीट बघितलास ना? दिव्यावर धरून? म्हणजे, तुला सगळं ठीक वाटलं ना, काही वेगळं नाही? असंच विचारतेय. तू एवढा मोठा माणूस त्यातला, तुला कळणारच.

२२ ला पहिला सामना. आईचा तो निळा रुमाल मी मनगटाला बांधणार आहे. नियमात बसत नाही, पण बाई म्हणाल्या, मला दिसला नाही असं समजते.

शिडी


१३ फेब्रुवारी

शिडी,

हे पत्र रेडिओच्या हातात देऊ नकोस. एकटी वाच.

तू विचारलंस, काही वेगळं दिसलं का. दिसलं. पाकिटातून काढल्या काढल्या दिसलं. तो पाय डावा नाही.

तू नऊ वर्षांची असताना इस्त्री तुझ्या उजव्या पायावर पडली होती. तेव्हाही फोटो मीच काढला होता. अंगठ्याच्या शेजारच्या बोटाचं हाड तुटलं आणि थोडं वाकडं जुळलं, छत्रीच्या दांड्यासारखं. तुझ्या आईला मी सांगितलं होतं, चालायला काही अडणार नाही. मी माणसांचे चेहरे विसरतो, पण ते बोट विसरलो नाही. तू पाठवलेल्या फोटोत तेच बोट आहे, आणि कोपऱ्यात डाव्या पायाचं अक्षर आहे. ते अक्षर शिशाचं असतं, फोटो काढणारा हाताने ठेवतो. कागदावर डावा लिहिलं होतं म्हणून त्याने डाव्याचं ठेवलं. पाय कुठला पुढे केला आहेस ते त्याने बघितलं नाही. तुझ्या दोन्ही पायांवर सूज नव्हती, त्याला कसं कळणार. तू उजवा ठेवलास.

माझ्या पत्रात एकही शब्द खोटा नव्हता. फोटो चांगलाच आहे. हाड अखंडच आहे. मी फक्त ते कुठल्या पायाचं हे लिहिलं नाही. लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि त्यात खोटं काही नाही याचं मला समाधान वाटलं. याची आता मला जास्त लाज वाटते आहे. हिरव्या दाराबद्दल लिहीत बसलो होतो.

का लिहिलं नाही ते सांगायचं तर मला दुसऱ्या फोटोबद्दल सांगावं लागेल. म्हणूनच लिहिलं नाही.

ऑगस्टमध्ये ताई खोकला घेऊन माझ्याकडे आली. मी तिला उभं केलं, श्वास रोखायला सांगितला, ती हसली म्हणून परत उभं केलं. फोटो आला तेव्हा डाव्या बाजूला, वरच्या भागात, लिंबाएवढी सावली होती. मला शंका आली असं नाही. मला कळलं. ती पडद्याआड कपडे घालत होती. म्हणाली, "काय रे, काय दिसतंय?" मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील." ती म्हणाली, "माझ्याशी पण तेच का रे?" आणि हसली.

आमच्याकडे लाल चिठ्ठी असते. काढणाऱ्याला काही गंभीर दिसलं तर तो पाकिटावर लाल चिठ्ठी लावतो, म्हणजे वाचणारे डॉक्टर ते आधी बघतात. तेवढा अधिकार आम्हाला आहे. चिठ्ठ्यांचा डबा माझ्या उजव्या हाताला होता. पण ताई तिथेच उभी होती. मी घरी कामाच्या गोष्टी सांगतो, तिला लाल चिठ्ठीचा अर्थ माहीत होता. तिच्यासमोर लावणं म्हणजे सांगणंच. म्हटलं, ती गेल्यावर लावू. ती गेली. पुढचा माणूस आला, त्याचा हात लोंबत होता. मग अजून एक. तुला वाटेल मी विसरलो. विसरलो नाही. दुपारी आठवलं. तोपर्यंत पाकिटं डॉक्टरांच्या कपाटात गेली होती, आणि डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून रजेवर. किल्ली कार्यालयात मागता आली असती. का पाहिजे विचारलं असतं, ते सांगावं लागलं असतं. मी उद्या मागू म्हटलं.

पाच आठवडे, शिडी. पाच आठवड्यांनी डॉक्टरांनी ते पाकीट उघडलं. त्या दिवसांत ताई खालच्या मजल्यावर राहत होती, रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला येत होती, खोकत होती. मी तिला आलं किसून देत होतो. ती तुला फोनवर म्हणाली की माझं तोंड उतरलं नाही म्हणजे काही नसणार. तुझ्या जानेवारीच्या पत्रात हे वाचलं आणि मला कळलं की तिने डॉक्टरांकडे पाठपुरावा का केला नाही. माझ्या तोंडावर विसंबून.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगायची ही वेळ नाही हेही मला कळतं. पण तुझ्या फोटोवर तोंड उघडलं असतं तर तू विचारलं असतंस, मग आईच्या वेळी का नाही उघडलंस. म्हणून मी दुसऱ्यांदा तेच केलं. पहिल्या वेळी घाबरलो म्हणता येईल. दुसऱ्या वेळेला काय म्हणायचं?

तुझा डावा पाय कसा आहे ते मला माहीत नाही. तुलाही नाही. ते हाड अर्धवट जुळलेलं असताना उडी मारून त्यावर उतरलीस तर पूर्ण तुटेल. मग आत स्क्रू घालतात, आणि वर्ष जातं. तू उडी मारायच्या आधी थांबतेस ती सवय गेली म्हणून नाही.

बाईंच्या कार्यालयाचा नंबर माझ्याकडे आहे. १७ तारखेपर्यंत मी तो फिरवणार नाही. तू स्वतः सांग. नाही सांगितलंस तर १७ ला मी सांगेन, माझ्या पत्रासकट.

मामा


२५ फेब्रुवारी

मामा,

१६ ला सकाळी बाईंना सांगितलं. त्या शिट्टी पुसत होत्या. पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठला पाय ठेवलास?" मी दाखवला. म्हणाल्या, "आणि मामाला कळलं होतं?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "छान कुटुंब आहे." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, बाई, आज परत फोटो काढू का, डावा. त्या म्हणाल्या, "तुझ्या कुठल्याही फोटोवर मी आता विश्वास ठेवायचा? डॉक्टर येऊ दे." डॉक्टर २१ ला आले. यादी १८ ला गेली.

तुम्हाला खरं सांगते, मी ठरवून नव्हतं केलं. त्या टेबलावर बसले, तो माणूस पाठमोरा होता, म्हणाला, "पाय ठेवा." आणि माझा उजवा पाय वर गेला. मला भीती वाटत होती की डाव्यात रेघ असेल. तो वळला आणि मी काही बोलले नाही. बस. तुमचं वाचल्यावर कळलं की हे आपल्या घरातच आहे.

पहिला सामना जिंकलो. दुसरा चार गुणांनी हरलो. मी बाटल्या भरत होते. कंपनीची माणसं तिसऱ्या रांगेत बसली होती, एकाकडे वही होती. रेडिओ छान खेळली, तिला त्यांनी पत्ता विचारला. मी असते तर चार गुण निघाले असते की नाही हे मी लिहिणार नाही.

आता आईबद्दल. लवकर कळलं असतं तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते. मीच त्यांना विचारलं होतं, हॉस्पिटलच्या जिन्यात. तुम्ही पत्रात ते स्वतःच्या बाजूने वापरलं नाहीत, ते मी बघितलं. पण माझं म्हणणं औषधाचं नाहीच. ते पाच आठवडे ती मला फोनवर सांगत होती, खोकला आहे गं, मामा आलं देतोय. आणि मी तिला सांगत होते की साखळी सामने सुरू होतायत, मला आता सुट्टी मिळणार नाही. मला कळलं असतं तर मी घरी आले असते. पाच आठवडे, मामा. ती चालत होती तेव्हा. हसत होती. मी आले तेव्हा ती झोपूनच होती.

तुम्ही ते माझ्याकडून घेतलंत. आणि मी स्वतः खोटा पाय ठेवून बसलेली, त्यामुळे मला तुम्हाला बोलायला तोंड नाही, याचाच जास्त राग येतो.

काही दिवस लिहू नका.

शिडी


७ मार्च

शिडी,

तू लिहू नका म्हणाली होतीस. पण काल तुझं पाकीट आलं. आत फक्त फोटो होता. चिठ्ठी असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं, मग आत हात घालून पाहिलं. नव्हती. फोटो पाठवलास म्हणजे विचारलंयस, असं धरून लिहितो. उत्तर देऊ नकोस.

पाय डावा आहे. सगळी बोटं सरळ आहेत. खाली तारीख २७ फेब्रुवारी. करंगळीमागचं हाड जुळलं आहे. रेघ नाही. जिथे ती होती तिथे हाड थोडं जाड झालंय, आणि ती जाडीही सपाट होत आली आहे. तुमच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं असेल. तू खेळू शकशील.

आता जे त्यांनी सांगितलं नसेल ते. जुळलेलं हाड आधी फुगतं, मग हळूहळू सपाट होतं. इतकं सपाट व्हायला महिना तरी जातो. म्हणजे २ फेब्रुवारीला तू त्या टेबलावर बसलीस तेव्हा डावा पाय बहुतेक जुळलेला होता. तू तोच ठेवला असतास तर मी तेच पत्र लिहिलं असतं आणि ते खरं ठरलं असतं. मला आलेला फोटो उजव्या पायाचा आहे हे मी ६ तारखेलाच लिहिलं असतं, तर डाव्याचा काढायला वेळ होता, बाईंचा विश्वासही होता. मी आठवडाभर गप्प बसलो आणि मग तुला बाईंकडे पाठवलं, तेव्हा काहीच उरलं नव्हतं. तू यादीत असायला हवी होतीस. छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, पण मला तसं दिसतं.

"अजून बारीक रेघ आहे, बरं झालं खेळली नाहीस" असं लिहिता आलं असतं. काल दुपारी तसं लिहिलंही. अर्धं पान झालं होतं. वाचायला फार चांगलं वाटत होतं. तुझं बरोबर, माझं बरोबर, सगळ्यांचं बरोबर. ते फाडलं.

तुझ्या आईच्या पाच आठवड्यांबद्दल तू जे लिहिलंस ते माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी फक्त औषधाचा हिशोब करत होतो. तू घरी आली असतीस हा विचार मी केला नव्हता. त्यासाठी माफ कर असं लिहायला मला संकोच वाटतो, कारण मग तुला काहीतरी म्हणावं लागेल. काही म्हणू नकोस.

शुक्रवारी एक बाई आल्या, माझ्याच वयाच्या. छातीचा फोटो. मी त्यांच्यासमोरच लाल चिठ्ठी लावली. त्यांनी विचारलं, "ही कशाची?" मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि मावशींनी त्यांना पाणी दिलं. मी तिथेच उभा राहिलो. मग त्या म्हणाल्या, "बरं," आणि पर्स उचलून डॉक्टरांच्या दाराकडे गेल्या. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. त्यांना लावली आणि ताईला लावली नाही, हे लिहायचं होतं.

आज रविवार. दुपारचे तीन वाजलेत. पंप दुरुस्त होऊन आलाय, कपडे धुऊन झाले. कामाच्या कोटाचं वरचं बटण लोंबतंय. पांढरा दोरा सापडत नाही, निळा आहे. सुईत ओवायला तीनदा चष्मा पुसला. आता बसून ते लावतो.

मामा